रखवालीचा हिशेब

सुरक्षेच्या कामात सरकारला प्रश्न विचारू नयेत, हे मत आता एकट्या सरकारचे राहिलेले नाही. वाहिन्यांवरच्या चर्चांपासून पांढरकवड्यातल्या चहाच्या टपरीपर्यंत ते सारख्याच ठामपणे ऐकायला मिळते. देशाला शत्रू आहेत, राज्यात नक्षलवादी आहेत, शहरांत त्यांचे पाठीराखे बसले आहेत. तेव्हा पोलिसांचे आणि गुप्तचरांचे हात बांधू नका, आणि ज्याने काही केलेच नाही त्याला भ्यायचे कारण काय, असा हा सरळसोट युक्तिवाद. त्याला बगल देता येत नाही, कारण त्याच्या मुळाशी असलेली भीती खरी आहे. लोकलच्या डब्यांत घरी परतणारी माणसे मेली, मुंबईच्या स्थानकात गाडीची वाट पाहणारी माणसे मेली, गडचिरोलीच्या रस्त्यावर पोलीस सुरुंगात गेले. माणसाचा जीव राखणे हे सरकारचे पहिले काम आहे आणि त्यासाठी गुप्त वार्ता काढणारी माणसे लागतात, शस्त्रे लागतात, कधी कोणाचा फोनही ऐकावा लागतो. हे सारे मान्य करूनच मी म्हणतो की हात मोकळे सोडले म्हणजे सुरक्षा मिळाली, ही समजूत चुकीची आहे. महाराष्ट्राच्या गेल्या वीस वर्षांत जिथे जिथे यंत्रणेला वेळेवर जाब विचारला गेला नाही, तिथे तिथे नागरिकांचे संरक्षणच कच्चे निघाले.

२०२५ चा जुलै महिना या दृष्टीने नीट पाहिला पाहिजे. १० जुलैला विधानसभेने आणि ११ जुलैला विधान परिषदेने महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. ११ जुलै ही तारीख मुंबई विसरलेली नाही. २००६ साली याच दिवशी संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, पहिल्या वर्गाचे डबे फाटले, १८९ माणसे गेली, आठशेहून अधिक जखमी झाली. त्याच तारखेला, एकोणीस वर्षांनी, सभागृहाने यंत्रणेच्या हाती नवे अधिकार दिले; आणि त्यानंतर दहाच दिवसांनी, २१ जुलैला, मुंबई उच्च न्यायालयाने लोकल स्फोटांच्या खटल्यातल्या बाराही आरोपींना निर्दोष ठरवले. त्यांतल्या पाच जणांना विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये फाशी सुनावली होती आणि सात जणांना जन्मठेप. एक जण तर हा निकाल ऐकायला उरलाच नाही. २०२१ मध्ये तो तुरुंगातच करोनाने मेला. आणखी दहा दिवस गेले, ३१ जुलै उजाडला आणि २००८ च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या (एनआयए) विशेष न्यायालयातून सुटले. त्या स्फोटात सहा माणसे मेली होती. दोन खटल्यांतले आरोपी वेगवेगळ्या धर्मांचे, त्यांच्यामागे उभे राहणारे लोक वेगळे, एका निकालावर आनंद मानणारे दुसऱ्या निकालावर चिडणारे. पण दोन्हीकडे मेलेल्यांच्या घरी पोचलेला निरोप एकच होता: गुन्हेगार कोण ते आम्हाला सिद्ध करता आले नाही.

लोकल स्फोटांच्या तपासाकडे जरा जवळून पाहू. दहशतवादविरोधी पथकाच्या हाती संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मोक्का होता. १९९९ च्या या कायद्यात अधीक्षक दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो, जामीन मिळणे महाकठीण होते आणि आरोपपत्रासाठी एकशे ऐंशी दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते. म्हणजे हात जितका मोकळा करता येईल तितका केलेला होता. त्या मोकळ्या हाताने न्यायालयासमोर काय ठेवले? टॅक्सीवाले उभे केले, ज्यांना शंभरहून अधिक दिवसांनंतर आपल्या प्रवाशांचे चेहरे आठवत होते. दिवसाला कितीतरी भाडी उतरवणाऱ्या माणसाला सव्वातीन महिन्यांनी एक चेहरा का आठवावा, याचे पटणारे उत्तर सरकार पक्षाकडे नव्हते. कबुलीजबाब ठेवले, तर त्यांतले काही भाग एकावरून दुसरा उतरवल्यासारखे जुळत होते. स्फोटांत नेमके कोणत्या प्रकारचे बॉम्ब वापरले गेले, एवढेही ठामपणे शाबीत झाले नाही. मधल्या काळात, २००८ मध्ये, मुंबईच्याच गुन्हे शाखेने इंडियन मुजाहिदीनची माणसे पकडली, तेव्हा त्यांच्यातल्या एकाच्या जबाबात हे स्फोट आपल्या गटाने केल्याचे आले. राज्याच्या पोलिसांच्याच दोन शाखांकडे एकाच गुन्ह्याच्या दोन कहाण्या होत्या. त्या दोघांना समोरासमोर बसवून ‘तुमच्यापैकी कोण चुकतो आहे ते आधी ठरवा’ असे म्हणणारी तिसरी जागा आपल्या व्यवस्थेत नव्हती. आजही नाही. खटला उभा राहिला, शिक्षा झाल्या, लोकांनी निःश्वास टाकला. उच्च न्यायालयाने निकालात याच निःश्वासावर बोट ठेवले आहे: गुन्हा उलगडल्याचा देखावा लोकांना खोटा दिलासा देतो आणि खरा धोका मोकळाच राहतो, असा त्या म्हणण्याचा आशय आहे. सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलैला हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्याला स्थगिती दिली. सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडले नाही.

मालेगावात २००८ च्या त्या स्फोटाच्याही आधी, ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बारातच्या दिवशी कब्रस्तानाजवळ स्फोट झाले आणि तीसहून अधिक माणसे मेली. पथकाने नऊ मुस्लिम तरुण पकडले. पुढे एनआयएने तपास हाती घेतल्यावर वेगळ्याच माणसांची नावे पुढे आली, पकडलेल्यांना पाच वर्षांनी जामीन मिळाला आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. ज्या पाच वर्षांत ते तुरुंगात होते त्या पाच वर्षांत स्फोट घडवणारे कुठे होते, हा प्रश्न सुरक्षेचा आहे की नाही? निरपराध माणूस आत जातो तेव्हा अन्याय त्याच्यापुरता होतो असे आपण धरून चालतो आणि देशासाठी एवढे चालायचेच, असे म्हणून मोकळे होतो. पण चुकीच्या माणसावर गुन्हा लावला की तपास त्याच दिवशी थांबतो. फाईल बंद होते, बक्षिसे वाटली जातात आणि खऱ्या गुन्हेगाराच्या मागावर एकही पोलीस उरत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की आरोपी सुटतात ते पळवाटांमुळे. पोलीस जीव धोक्यात घालून माणसे पकडतात आणि न्यायालये कागदाच्या एका तुकड्यावरून सोडून देतात. हा आक्षेप पडताळून पाहायला विदर्भातलाच खटला आहे. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांना २०१४ मध्ये अटक झाली, गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने २०१७ मध्ये जन्मठेप दिली. २०२२ च्या ऑक्टोबरात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना सोडले, कारण बेकायदा कृत्ये प्रतिबंधक (यूएपीए) कायद्याखाली खटला चालवायला लागणारी मंजुरीच नीट घेतलेली नव्हती. लगेच ओरड झाली की हा तांत्रिक निकाल आहे. सर्वोच्च न्यायालयाने तो बाजूला ठेवला आणि दुसऱ्या खंडपीठाने सारे प्रकरण नव्याने ऐकावे असे सांगितले. दुसऱ्या खंडपीठाने ऐकले आणि ५ मार्च २०२४ ला साईबाबांना आणि त्यांच्या सहआरोपींना पुन्हा निर्दोष सोडले. या वेळी पुरावाही तपासला आणि तोही टिकला नाही. गडचिरोलीचा एक आदिवासी तरुण शेतकरी, या खटल्यातला सहआरोपी, तोवर नागपूरच्या तुरुंगात मरण पावला होता. साईबाबाही सुटकेनंतर सात महिन्यांत गेले. मंजुरीचा कागद नीट नसणे आणि पुरावा नीट नसणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. मंजुरी देणाऱ्याने फाईल वाचायची असते, पुरावा पुरेसा आहे का ते स्वतःच्या बुद्धीने ठरवायचे असते. ती पायरी ज्याने गाळली त्याने पुरावा तपासायची पहिली संधीच घालवली. देशभराचा आकडा पाहायचा तर केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१६ ते २०१९ या चार वर्षांत यूएपीएखाली ५,९२२ जणांना अटक झाली आणि १३२ जण दोषी ठरले. खटले रेंगाळतात, दोषी ठरलेले त्याच वर्षांच्या अटकेतले असतीलच असे नाही, हे खरे. तरी एवढे मोठे अंतर नुसत्या पळवाटांनी भरून निघत नाही.

आता दुसरी बाजू घेऊ, जिथे अधिकार कमी पडले असे सर्रास सांगितले जाते: २६ नोव्हेंबर २००८. दहा अतिरेकी समुद्रातून आले, १६६ माणसे मेली. त्यानंतर ‘कडक कायदा हवा’ ही मागणी देशभर उठली. पण राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीला जे आढळले ते कायद्याच्या उणिवेबद्दल नव्हते. केंद्राकडून इशारे आलेले होते, समुद्रमार्गाने हल्ला होऊ शकतो असेही त्यांत होते. ते इशारे मंत्रालयात कोणी वाचायचे, कोणी जुळवून पाहायचे, कोणी पुढे धाडायचे, यातच गोंधळ होता. पोलिसांचा बंदुकीचा सराव दारूगोळ्याअभावी थांबलेला होता. यातली कुठलीही त्रुटी जादा अधिकारांनी भरून निघणारी नव्हती. ती भरून निघाली असती वर्षातून एकदा कोणीतरी बाहेरच्या माणसाने येऊन ‘इशारे किती आले आणि त्यांचे काय केले’ असे विचारले असते तर. सरकारने काय केले? विधिमंडळात आधी नुसता कृती-अहवाल ठेवला. मूळ अहवाल बाहेर यायला आणखी महिने लागले. त्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी त्या दहांतल्या कसाबच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या, म्हणून कसाब जिवंत सापडला. हातात काठी असलेल्या माणसाने ते केले. त्याच्या मागे बसलेल्या यंत्रणेने इशाऱ्यांच्या फाईली कुठे ठेवल्या होत्या, हे विचारणे म्हणजे ओंबळ्यांचा अपमान असे ज्यांना वाटते, त्यांनी आपल्या श्रद्धेची जागा एकदा तपासावी.

मुंबईचे सोडा, यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या पांढरकवड्याने हा सारा प्रश्न आपल्या शिवारात अनुभवला आहे, फक्त तेव्हा शत्रू माणूस नव्हता. २०१६ ते २०१८ या काळात पांढरकवडा आणि राळेगाव तालुक्यांच्या जंगलपट्टीत तेरा माणसांचे बळी गेले आणि त्यांचा ठपका टी-१ या वाघिणीवर आला. बाहेरच्या जगाने तिला अवनी म्हटले. गुराखी मेले, शेतावर गेलेली माणसे मेली. कपाशीच्या दिवसांत जागलीला जायला कोणी धजेना. लोकांनी संरक्षण मागितले ते योग्यच होते आणि वाघिणीच्या बाजूने शहरातून लिहिणाऱ्या अनेकांना या तेरा घरांची आठवणही नव्हती, याचा राग इथे आजही आहे. सरकारने यंत्रणा कामाला लावली: झाडाझाडांवर कॅमेरे, ड्रोन, नेमबाज, हत्ती. ताडोब्याहून आणलेला हत्ती साखळी तोडून पळाला आणि राळेगाव तालुक्यातल्या चहांद गावात त्याने एका बाईचा जीव घेतला. वाघापासून वाचवायला आणलेल्या हत्तीने गावातले माणूस मारले! साधन कितीही चांगल्या हेतूने आणले तरी ते कोणाच्या ताब्यात आहे आणि सुटले तर जबाबदार कोण, हे आधी ठरवावे लागते, याचा इतका उघड दाखला शोधून सापडणार नाही.

आणि शेवट? वाघिणीला आधी बेशुद्ध करून पकडण्याचा प्रयत्न करावा, तो फसला तरच गोळी घालावी, असा वनखात्याचा आदेश होता. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. म्हणजे सरकारच्या हाती कायदेशीर अधिकार पुरेपूर होता. २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीच्या जंगलात वाघीण मारली गेली. गोळी झाडणारा हा त्या कामासाठी अधिकृतपणे नेमलेला माणूस नव्हता, सोबत पशुवैद्य नव्हता, रात्रीची वेळ होती. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशी पथकाने नियम मोडल्याचे नोंदवले. परिणाम असा झाला की जी कारवाई नियमाने झाली असती तर कोणाला बोट दाखवता आले नसते, ती कायमची संशयाच्या घेऱ्यात गेली. तेरा घरांच्या दुःखाची चर्चा व्हायची ती बेशुद्धीचा डार्ट कोणी, कधी मारला याची झाली. नियम हे वाघिणीच्या सोयीसाठी नव्हते. ते आमच्या लोकांची बाजू खरी होती हे जगाला दाखवण्याचे एकमेव साधन होते, आणि ते साधन घाईत फेकून दिले गेले. सुरक्षेच्या नावाखाली नियम ओलांडले की आधी जाते ती संरक्षण मागणाऱ्याची पत.

‘पण नक्षलवाद्यांशी नियमाने लढता येते का?’ हा प्रश्न उरतो आणि पांढरकवड्याला तो दूरचा वाटत नाही. तेलंगणाची हद्द इथून हाकेच्या अंतरावर आहे, आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय इथेच आहे, गोंडांची गावे आणि कोलामांचे पोड चहूबाजूंनी आहेत. नक्षलवाद्यांनी गडचिरोलीत सर्वांत जास्त मारले ते आदिवासींनाच. खबऱ्या म्हणून गावाबाहेर नेऊन मारलेल्या माणसांना कोणतेही न्यायालय मिळाले नाही. त्यांच्याशी लढायलाच हवे होते. पण लढाई कशाने पुढे सरकली ते पाहा. १९९० मध्ये तिथे सी-६० पथक उभे राहिले आणि त्याचे बळ शस्त्रांत कमी, माणसांत जास्त होते: त्याच जिल्ह्यातले, गोंडी-माडिया बोलणारे, वाटा पायाखालच्या असलेले तरुण. पुढे त्याच पोलिसांनी ‘दादालोरा खिडकी’ काढली, जिथे आदिवासी माणसाला दाखले आणि सरकारी योजनांची कामे पोलीस ठाण्यातच करून मिळू लागली. ज्या ठाण्यात माणूस दाखल्यासाठी निर्धास्तपणे येतो, तिथे तो एक दिवस बातमीही घेऊन येतो. सी-६० वरही चकमकींबाबत आरोप झाले आहेत आणि त्यांची चौकशी टाळण्याचे समर्थन मी करणार नाही. तरी या पथकाचा मुख्य धडा बातमी आणि विश्वास यांचाच आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती हा माओवाद्यांचा बडा नेता साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवून शरण आला. हे यश मोठे आहे आणि पोलिसांचे आहे. नव्या विधेयकातल्या कुठल्याही कलमाचे ते नाही.

त्या विधेयकाच्या समर्थनात सांगितले गेले की छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र, ओडिशात असा कायदा आहे, मग महाराष्ट्रात का नको. छत्तीसगडचेच घेऊ. तिथे २००५ चा असा कायदा आहे. त्याखाली २००७ मध्ये डॉ. बिनायक सेन या बालरोगतज्ज्ञाला अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन मिळेपर्यंत त्यांनी दोन वर्षे तुरुंगात काढली. कायदा असताना ६ एप्रिल २०१० ला ताडमेटल्याला ७६ जवान मारले गेले. कायदा असतानाच २५ मे २०१३ ला झिरम घाटीत काँग्रेसच्या नेत्यांचा ताफा कापला गेला. डॉक्टर आत होता आणि सुरुंग पेरणारे जंगलात होते. महाराष्ट्राच्या विधेयकात संघटनेला बेकायदा ठरवण्याचा अधिकार सरकारकडे आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे, गुन्हे अजामीनपात्र आहेत. संयुक्त समितीने काही बदल केले ते नाकारण्यासारखे नाहीत. तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला, सल्लागार मंडळावर उच्च न्यायालयाच्या आजी वा माजी न्यायाधीशाला बसवले. पण बेकायदा कृत्याची व्याख्या पाहा: सार्वजनिक सुव्यवस्थेत अडथळा आणण्याकडे ‘कल’ असणे, प्रस्थापित कायदा आणि संस्था यांची अवज्ञा करायला उत्तेजन देणे वा तसा उपदेश करणे. कायद्याच्या अवज्ञेचा उपदेश! १० जुलै १९३० ला याच यवतमाळ जिल्ह्यात, पुसदला, लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातले गवत कापून जंगल सत्याग्रह केला आणि हजारो लोकांना कायदा मोडायला शिकवले. विधानसभेने विधेयक मंजूर केले तोही १० जुलै. कापसाच्या भावासाठी शेतकरी राष्ट्रीय महामार्ग अडवतात तेव्हा सुव्यवस्थेत अडथळा येतोच. तो यावा म्हणूनच रस्ता रोको असतो. ‘कायदा त्यांच्यासाठी नाही’ असे सभागृहात सांगितले गेले. मग ते व्याख्येत का लिहिले नाही? मंत्र्याचे आश्वासन ठाणेदारावर बंधनकारक नसते, कायद्यातला शब्द असतो.

गुप्ततेचा मुद्दा याहून वजनदार आहे. गुप्तचराचे काम उघड्यावर होत नाही; नावे फुटली तर माणसे मरतात. हे खरे आहे, पण कामाची गुप्तता आणि कामाच्या हिशेबाची गुप्तता वेगळी. अमेरिकेत १९७५ मध्ये सिनेटच्या चर्च समितीने गुप्तचर संस्थांची झाडाझडती घेतली आणि त्यानंतर कायमच्या देखरेख समित्या आल्या. ब्रिटनने एमआय-५ ला १९८९ मध्ये कायद्याच्या चौकटीत बसवले, १९९४ मध्ये संसद सदस्यांची समिती नेमली. लंडनच्या २००५ च्या स्फोटांनंतर त्या समितीने यंत्रणा कुठे कमी पडली याचे अहवाल प्रसिद्ध केले. या देशांतल्या गुप्तचर संस्था त्यामुळे बंद पडल्या नाहीत. अमेरिकेत तर लाखो फोनच्या नोंदी सरसकट गोळा करण्याचा कार्यक्रम तपासून तिथल्या अधिकृत मंडळाने २०१४ मध्ये सांगितले की त्याने निकालात ठोस फरक पडला असे एकही दहशतवादाचे प्रकरण सापडत नाही. देखरेख होती म्हणून वाया जाणारे श्रम तरी कळले. आपल्याकडे इंटेलिजन्स ब्युरो ब्रिटिश काळापासून आहे, रॉ १९६८ पासून आहे, आणि दोन्ही संस्थांना संसदेने केलेला स्वतःचा कायदा नाही. मनीष तिवारी यांनी २०११ मध्ये तसे खासगी विधेयक मांडले होते; ते पुढे गेले नाही. फोन ऐकण्याची परवानगी गृहसचिव देतो आणि ती योग्य होती का ते राज्यात मुख्य सचिवाची समिती तपासते. परवानगी देणारे आणि तपासणारे एकाच मंत्रालयाच्या इमारतीत बसतात. न्यायाधीश कुठेच नाही. पेगॅसस या फोनमधल्या हेरगिरीच्या प्रणालीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या समितीला २९ पैकी पाच फोनमध्ये घातक प्रणाली सापडली आणि केंद्राने सहकार्य केले नाही, असे सरन्यायाधीशांनी भर न्यायालयात सांगितले. महाराष्ट्रात राजकीय नेत्यांचे फोन ऐकल्याबद्दल २०२२ मध्ये गुन्हे नोंदले गेले, मग सरकार बदलले आणि २०२३ मध्ये ते रद्द झाले. खरे काय होते ते नागरिकाला कधीच कळले नाही. सत्ता बदलली की ज्या प्रश्नाचे उत्तर बदलते, तो प्रश्न कायद्याबाहेर पडलेला असतो.

‘लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कसली’ याचे उत्तर मालेगावच्या नऊ तरुणांच्या पाच वर्षांत आहे. त्यांच्याकडे लपवण्यासारखे काही नव्हते.

मग हवे काय? गुप्तचर संस्थांना आणि राज्याच्या गुप्तवार्ता विभागाला कायदा हवा, ज्यात त्यांचे काम आणि मर्यादा दोन्ही लिहिलेल्या असतील. फोन ऐकायला न्यायाधीशाची परवानगी हवी, तातडी असेल तर ती मागाहून काही तासांत घ्यावी. विधिमंडळाची एक छोटी समिती हवी, विरोधी पक्षाचेही सदस्य असलेली, गुप्ततेची शपथ घेतलेली, जिला इशारे किती आले आणि त्यांचे काय झाले हे विचारता येईल आणि वर्षातून एकदा सभागृहाला सांगता येईल. निर्दोष सुटलेल्या माणसाला गेलेल्या वर्षांची भरपाई हवी, आणि स्फोटात मेलेल्यांच्या घरच्यांना, तपास का फसला याचा लेखी खुलासा मागण्याचा हक्क हवा. या मागण्यांना पोलिसांचा विरोध असण्याचे कारण नाही; चांगला तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला वरून येणाऱ्या घाईपासून वाचवणारे दुसरे काही त्यांच्याकडे नाही. आर्णी मतदारसंघातल्या, ज्यात आपले पांढरकवडा येते, प्रत्येक मतदाराने पुढच्या वेळी मत मागायला येणाऱ्याला हे विचारावे: रखवालदाराला तुम्ही अधिकार दिलेत, हिशेब कधी मागणार? आणि विचारताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. ११ जुलै २००६ च्या सात स्फोटांबद्दल, एकोणीस वर्षांनंतर, कायद्याच्या लेखी आज एकही माणूस दोषी नाही.